मदत हवी आहे: दातांत सणक जाते, दाढ ठणकते, पण डॉक्टरच्या खुर्चीवर बसायची हिंमत होत नाही

पळसफूल:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात एका खेड्यात राहते, वय 34, घरी कापूस आणि तुरीची शेती. दोन वर्षांपासून दातांचा त्रास आहे, आता सहन होत नाही म्हणून लिहून राहिली आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

खालचे समोरचे तीन-चार दात थंड लागलं की सणकतात. उन्हाळ्यात वावरातून आल्यावर सगळे माठातलं पाणी पितात आणि मी गुंडातलं कोमट. संत्र्याची फोड जिभेवर ठेवून हळूच उजव्या गालात सरकवते, समोरच्या दातांना रस लागू नये म्हणून. लहानपणी आमच्याकडे राखुंडीनंच दात घासायचे, नंतर ब्रश आला तरी मी जोर लावूनच घासते, दात स्वच्छ झाले असं त्याशिवाय वाटतच नाही.

दुसरं म्हणजे डावीकडची वरची दाढ. गरम चहा लागला की कळ येते ती पाच-दहा मिनिटं जात नाही. रात्री अंग टाकलं की ठणका सुरू. लवंग दाबून झोपते, पहाटे ती तशीच गालात असते.

आता भीतीचं सांगते. मी 11 वर्षांची असताना एक दाढ काढली होती. इंजेक्शन दिलं आणि लगेच पकड घातली, दोघांनी हात धरले होते, मला सगळं समजत होतं, आई बाहेर बाकावर बसून माझं ओरडणं ऐकत होती आणि तिला आत येऊ दिलं नाही. तेव्हापासून दवाखान्यातला तो लवंगतेलाचा वास आला तरी पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी नंबर लावला आणि परत आली. दिवाळीनंतर खुर्चीवर बसली पण, डॉक्टरनं वरचा दिवा लावला तसे माझे हातपाय गार पडले, मी उतरली आणि सरळ स्टँडवर जाऊन एसटीत बसली. मुलगी सोबत होती, 7 वर्षांची. तिच्याही एका दाढेला काळा खड्डा दिसतो, समोरच्या नवीन दातांवर तपकिरी डाग आहेत. परवा तिला म्हटलं चल दाखवून येऊ, तर म्हणते, "तू पण तर पळून आली होती." त्या दिवसापासून मला चैन नाही.

सणक आणि ठणका हे एकच दुखणं आहे का? बधिर केल्यावर खरंच काही समजत नाही का? आणि मला भीती वाटते असं आधीच सांगितलं तर डॉक्टर चिडतात का?

दातांचा_डॉक्टर_वर्धा:
ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलं की अर्धं काम झालं. ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पक्कं तपासल्यावरच कळेल. थंड लागलं की सणक आणि दोन-चार सेकंदात गायब, हे दाताचं वरचं कवच झिजल्यानं किंवा हिरडी खाली सरकल्यानं होते. आतल्या थरात बारीक नळ्या असतात, थंड-आंबट लागलं की त्यातलं पाणी हलते आणि नसेला कळते. राखुंडी आणि जोराचं घासणं, दोन्ही याला कारण. मऊ ब्रश घ्या, पेन धरतो तसा धरा. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट रोज दोनदा वापरा, फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका. संत्रं, चिंच, लिंबू खाल्ल्यावर अर्धा तास तरी ब्रश नको.

दाढेचं मात्र पेस्टनं होणार नाही. गरम लागून कळ टिकणं आणि रात्रीचा ठणका म्हणजे कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचली असावी. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना तर एक दिवसही थांबू नका.

लहानपणी तुमच्यावर जे झालं ते चूक होतं. इंजेक्शन चढायला काही मिनिटं जाऊ द्यावी लागतात, आणि पू असेल तिथं ते कमी लागू पडते. आता तुम्ही म्हणू शकता की आधी टोचून पाहा, मला समजत असेल तर थांबा. सुई टोचायच्या आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावून मागा. दाब आणि खेच जाणवते, दुखत नाही. औषधात बहुतेक अॅड्रेनॅलिन असते, त्यानं छाती थोडा वेळ धडधडते, तेव्हा घाबरू नका. बीपी, शुगर, दिवस गेले असतील तर आधी सांगा. डावा हात वर केला की थांबायचं, हे अगोदर ठरवून घ्या. यावर चिडणारा डॉक्टर असेल तर दुसरा पाहा.

मुलीचं लवकर करा. सहाव्या वर्षी सगळ्यात मागं येणारी दाढ पक्की असते, लोक दुधाची समजून सोडून देतात. डाग पाण्यातल्या फ्लोराइडचे असू शकतात, तुमच्या भागात बऱ्याच बोअरला ते लिटरमागे 1.5 मिलीग्रॅम या मर्यादेच्या वर आहे. पाणी उकळून ते जात नाही, पाणी तपासून घ्या.

खंजिरी:
पोरी, मले बी लय भेव होतं. मी नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात गेलो, मेडिकल म्हणतात त्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात. शिकणारे पोरं करतात, वरून मोठे डॉक्टर पाहून जातात, चकरा पडतात पण पैसा कमी लागते अन् कोणी घाई करत नाही. मशीनचा आवाज सहन होत नसंल तर कानात मोबाइलवर भजन लावजो. उपाशी जाऊ नको.

पळसफूल:
सोमवारी बाजाराच्या दिवशी गेली. आत जाताच सांगितलं की आज फक्त पाहायचं, हात लावायचा नाही. डॉक्टर बाई होत्या, त्यांनी आधी मुलीला आरसा हातात देऊन माझे दात मोजायला लावले. एक्स-रे काढला. दाढेचं रूट कॅनल सांगितलं, म्हणजे आतली खराब नस काढून दाढ भरायची, तीन बैठका. मुलीच्या दाढेत सिमेंट भरायचं आहे, माझ्यानंतर. समोरच्या दातांना पेस्टच दिली. गुरुवारची तारीख आहे. त्या दिवशी दुपारी घरी कापूस मोजायला बसता येईल का?

दातांचा_डॉक्टर_वर्धा:
येईल. फक्त बधिरपणा जाईपर्यंत, दोन-तीन तास, काही खाऊ नका, गाल चावला जातो.