घर कापसाने भरलेले, त्यात तान्हे बाळ आणि दम्याचे वडील: आरएसव्हीपासून सर्वांना कसे जपावे?

पांढरेसोने_आर्णी

नमस्कार. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात आहे. घरात आम्ही सात जण आहोत: सत्तरी ओलांडलेले व जुन्या दम्याने त्रस्त असलेले वडील, आई, मी, पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाणारा मुलगा, बाळंतपणासाठी माहेरी आलेली बहीण आणि नुकतेच दोन महिने पूर्ण झालेली तिची मुलगी. मागच्या आठवड्यात शेजारचे लहान बाळ दम लागल्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी भरती करावे लागले आणि तपासणीत आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. त्याच घरातील मुलांबरोबर खेळणाऱ्या माझ्या मुलाला आता सर्दी आणि खोकला सुरू झाला आहे.

आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा, असे सगळीकडे वाचायला मिळते. परंतु भाव पटला नाही म्हणून आम्ही कापूस अजून विकलेला नाही. समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली आहे आणि राहण्यासाठी माजघर, स्वयंपाकघर व छपरी एवढेच उरले आहे. वेचणीच्या दिवसांत आई आणि पत्नी सकाळीच शेतात जातात, शाळेतून आलेला मुलगा आजोबांच्या बाजेवर जाऊन बसतो आणि संध्याकाळी ज्याला त्याला बाळ मांडीवर हवे असते. अशा घरात बाळाला आणि वडिलांना कसे वाचवावे? यावर लस मिळते काय?

निवृत्त_परिचारिका_वर्धा

भाऊ, वेगळी खोली नाही म्हणून हातपाय गाळू नका. हा विषाणू शिंकण्या-खोकण्यातून उडणाऱ्या तुषारांनी पसरतो आणि तितकाच हातांनीही पसरतो. मुलगा बाहीला नाक पुसतो, त्याच हाताने बाजेची पाटी, पाण्याचा गडू, बाळाचा खुळखुळा धरतो. अशा कठीण वस्तूंवर विषाणू काही तास टिकतो, आणि तेथून तो दुसऱ्याच्या बोटांवाटे त्याच्या नाकाडोळ्यांत जातो. त्यामुळे भिंत नसली तरी अंतर आणि साबण यांनी बरेच काम होते.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा संसर्ग एकदा तरी होतोच, आणि मोठ्या माणसाला तो साध्या पडशासारखा जातो. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातील बारीक श्वासनलिका मात्र सुजून आणि चिकट स्रावाने भरून बुजतात, म्हणून पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. हा आजार बाळाला कधीच होऊ नये, अशी खटपट व्यर्थ आहे. तो होता होईल तो पुढे ढकलायचा, एवढेच आपल्या हाती असते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा चार ते सहा दिवस जातात आणि आजारी व्यक्तीकडून साधारण तीन ते आठ दिवस लागण होऊ शकते. म्हणजे मुलाच्या सर्दीचा हा आठवडा नीट सांभाळायचा आहे आणि त्यानंतरचा आठवडाभर बाकीच्यांवर लक्ष ठेवायचे आहे.

झोपण्याची व्यवस्था अशी करून पाहावी: मुलाला घेऊन आपण स्वयंपाकघरात झोपा, बहीण आणि बाळ माजघरात खिडकीच्या बाजूला, आणि वडिलांची बाज माजघराच्या दुसऱ्या टोकाला. थंडी आहे म्हणून सगळी दारे-खिडक्या लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. दिवसा तरी हवा खेळती ठेवा आणि बाळाला टोपडे, दुपटे घालून ऊब द्या. कापूस विकावा की ठेवावा हा आपला हिशेब आहे, त्यात मी पडत नाही. मात्र त्या खोलीत कोणालाही झोपवू नका, कारण कापसाच्या धुळीने वडिलांचा दमा उसळेल.

छपरीतच पाण्याची बादली, मग आणि साबणाची वडी ठेवा आणि शेतातून किंवा शाळेतून आलेल्या प्रत्येकाने हात धुतल्याशिवाय आत येऊ नये असा दंडक घाला. पुरुषमंडळींच्या खांद्यावरचा दुपट्टा घाम, नाक, तोंड आणि वेळप्रसंगी बाळाची लाळसुद्धा पुसतो. तो बाळाच्या अंगाला लागू देऊ नका. बाळाचे मुके घेणे सध्या सर्वांसाठी बंद. दोन वर्षांखालील मुलाला मुखपट्टी लावू नये, पण ज्याला शिंका येत आहेत अशा मोठ्या माणसाने ती जरूर लावावी.

धुराचेही पाहा. पऱ्हाटी आणि तुराट्यांवर चूल पेटत असेल तर त्या वेळी बाळ, आपला मुलगा आणि वडील या तिघांनाही बाहेर छपरीत बसवा. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओव्याची धुरी देण्याची रीत, नाकात तेल सोडण्याची रीत आणि बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत, या तिन्ही गोष्टी थांबवाव्यात. आजीबाई रागावतील, त्यांना माझे नाव सांगा.

धारणीकर

वरील उत्तरात श्वास मोजण्याची गोष्ट राहिली आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी शिकायला हवी. आमच्या मेळघाटात 2016 पासून काही वर्षे गावागावांत दोन वर्षांखालील मुलांमधील आरएसव्हीचा अभ्यास झाला, त्यामुळे हा विषाणू शहरांतलाच आहे असे येथे कोणी म्हणत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1988 पासून, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना बालन्यूमोनिया ओळखायला शिकवले होते. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची ओळ असलेले साधन होते: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर श्वास जलद समजायचा.

आपल्याला मोबाइलवर मिनिट लावता येते. बाळ शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पाहावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे; पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच मंद, मध्येच जलद होत असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद. आपल्या भाचीला दोन महिने पूर्ण झाले असल्यामुळे तिच्यासाठी 50 हा आकडा धरावा. तिने श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ती कण्हत असेल, दूध ओढत नसेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, 108 ला फोन करा. इतक्या लहान बाळाला ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आमच्याकडे अजून काही ठिकाणी पोटावर डंबा देतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाने डागतात. आपल्याकडे तसे कोणी सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तालुका_औषधी

लसीविषयी लिहितो. आरएसव्हीची लस आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही. 2023 पासून अमेरिका आणि युरोपात वृद्धांसाठी लसी, गर्भवतीला देऊन बाळाचे रक्षण करणारी लस आणि थेट बाळाला टोचायचे निर्सेव्हिमॅब नावाचे प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) इंजेक्शन वापरात आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 मध्ये गर्भवतीची लस आणि हे इंजेक्शन यांची शिफारस केली. आपल्या वडिलांसाठी यातले काही मिळू शकते काय, हे छातीच्या डॉक्टरांना विचारावे.

परंतु जे आजच मोफत मिळते ते सुटू देऊ नका. न्यूमोकोकल लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत मिळते, पेंटाव्हॅलंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. या लसी आरएसव्ही रोखत नाहीत, पण न्यूमोनिया आणणाऱ्या दुसऱ्या जंतूंपासून वाचवतात. बहीण माहेरी आली म्हणून सासरच्या गावचे लसीकरण कार्ड तिकडेच राहते आणि डोस चुकतात, हे मी वारंवार पाहतो. कार्ड मागवून घ्या आणि आशाताईंना दाखवा. वडिलांना फ्लूची लस दरवर्षी द्यावी, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यानंतर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात वाढतो.

वडिलांचा रोजचा पंप बरे वाटले तरी बंद करू नये. म्हाताऱ्या माणसाला अशा आजारात ताप येईलच असे नाही. एक वाक्य पूर्ण बोलताना दम लागणे, असंबद्ध बोलणे, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन 94 च्या खाली जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा दुकानातून स्वतःहून गोळ्या नेऊ नका, आणि लहान मुलांना खोकल्याचे औषध तर नकोच. हे सांगून मी माझेच गिऱ्हाईक कमी करतो आहे.

पांढरेसोने_आर्णी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल आभारी आहे. झोपण्याच्या जागा बदलल्या आहेत आणि बादली-साबण छपरीत ठेवला आहे. आईने पहिल्या दिवशी नाक मुरडले, आता तीच नातवाला हाक मारून हात धुवायला लावते. दोन शंका उरल्या आहेत. आज सकाळपासून बहिणीलाच शिंका येत आहेत, तर तिने दूध पाजणे थांबवावे काय? आणि रविवारी तिच्या सासरची मंडळी बाळ पाहायला येणार आहेत. त्यांना नको कसे म्हणावे?

निवृत्त_परिचारिका_वर्धा

दूध मुळीच थांबवू नये. दुधातून हा विषाणू जात नाही, उलट आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे बाळाला त्यातूनच मिळतात. तिने हात धुऊन, मुखपट्टी लावून पाजावे. बाळाचे नाक चोंदले असेल तर पाजण्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे एकेक-दोन थेंब टाकावेत आणि एकाच वेळी पोटभर न पाजता थोडे थोडे, अधिक वेळा पाजावे. पाजून झाल्यावर बाळ दुसऱ्या निरोगी माणसाकडे द्यावे.

पाहुण्यांविषयी जावईबापूंना आपण स्वतः फोन करावा, बहिणीला करायला लावू नये. तिने सांगितले तर सासरी त्याचा वेगळा अर्थ निघेल. मुलाला सर्दी आहे, शेजारचे बाळ भरती झाले होते आणि डॉक्टरांनी गर्दी करू नका असे सांगितले आहे, एवढे पुरेसे आहे. तरीही कोणी आलेच तर चहा छपरीत द्या, हात धुऊन ज्यांना सर्दी नाही त्यांना एकेक करून दारातूनच बाळ दाखवा, आणि बाळ मात्र बहिणीच्या कुशीतच राहू द्या.