शाश्वत विकास गुणांकनाने मोजता येतो का?

पाणलोट (धागाकर्ता):
नीती आयोगाने जुलै २०२४ मध्ये शाश्वत विकास ध्येयांच्या (संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठण्यासाठी ठरवलेल्या उद्दिष्टांच्या) भारत निर्देशांकाची चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये देशाला ५७ गुण होते, ते या आवृत्तीत ७१ झाले. १६ ध्येये आणि ११३ निर्देशक यांच्या आधारे राज्यांची क्रमवारी लावली असून ६५ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारी राज्ये 'अग्रणी' ठरली आहेत. माझा आक्षेप आकडेमोडीच्या अचूकतेवर नाही, पद्धतीवर आहे. प्रत्येक ध्येयाचे गुण काढून त्यांची साधी सरासरी घेतली जाते. त्यामुळे एका बाबतीतील नासाडी दुसऱ्या बाबतीतील प्रगतीने भरून निघाल्यासारखी दिसते. पंजाबचेच पाहा. तेथे वर्षाकाठी जेवढे भूजल उपसण्याजोगे आहे, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते, आणि तरीही ते राज्य 'अग्रणी' गटात आहे. पुढच्या पिढीचे पाणी आज संपवणाऱ्या राज्याला शाश्वततेच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळत असेल, तर प्रश्नपत्रिकेतच खोट आहे, असे मला वाटते.

गणिती:
सहमत नाही. आपला आक्षेप सरासरीवर आहे आणि शिक्षा मात्र आपण मोजमापाला देत आहात. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय सरासरी (बेरजेऐवजी गुणाकारावर आधारलेली) स्वीकारली, ती नेमक्या याच कारणाने: एका घटकातील उणीव दुसऱ्या घटकाने सहजासहजी झाकली जाऊ नये. तसा बदल येथेही करता येईल.

दुसरे असे की, महाराष्ट्रातील सिंचनाचा वाद आठवून पाहा. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राची टक्केवारी दहा वर्षांत १७.८ वरून जेमतेम १७.९ झाल्याचे छापून आले आणि त्या एका ओळीने सरकारला वर्षअखेरीस श्वेतपत्रिका काढायला भाग पाडले. धरणे बांधली, कालवे खोदले, हजारो कोटी खर्ची पडले, हे सर्वांना दिसतच होते. पाणी किती रानात पोचले, हे त्या रुक्ष तक्त्यामुळेच चर्चेत आले. आकडा नसता तर भाषणे तेवढी उरली असती.

पाणलोट:
आपले उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. तो सारा वाद 'निर्मित सिंचनक्षमता' आणि 'प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र' यांतील तफावतीचा होता. पहिला आकडा खात्याला सोयीचा, कारण बांधकाम पूर्ण झाले की तो वाढतो. दुसरा गैरसोयीचा, कारण तो पावसावर, गळतीवर आणि कालव्याच्या वरच्या अंगाला पाणी घेणाऱ्या उसावर अवलंबून असतो. जलजीवन मिशनमध्येही (घरोघरी नळाने पाणी देण्याच्या योजनेतही) तेच झाले. नळजोडण्यांची टक्केवारी झपाट्याने वाढली, पण माणशी दररोज किमान ५५ लिटर, नियमित आणि पिण्याजोगे पाणी अशी कसोटी लावून २०२२ मध्ये पाहणी झाली, तेव्हा पूर्णपणे कार्यरत जोडण्या ६२ टक्के कुटुंबांकडेच आढळल्या. जे मोजल्याने श्रेय मिळते तेच यंत्रणा आधी करते. त्यात नळाची तोटी बसते, उद्भवाची, म्हणजे त्या नळाला पाणी पुरवणारी, विहीर मागे राहते.

वरुडकर:
आमच्याकडचे सांगतो. अमरावती जिल्ह्यातला वरुड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा 'ड्राय झोन' म्हणून ओळखला जातो. येथे बोअर हजार फुटांपर्यंत जातात आणि तरीही उन्हाळ्यात बागा जगवण्यासाठी टँकर विकत घ्यावे लागतात. राज्याची भूजल उपशाची सरासरी मात्र उपसण्याजोग्या पाण्याच्या निम्म्याहून किंचित वर आहे, म्हणजे कागदावर महाराष्ट्र सुरक्षित! राज्य हे एकक धरल्यावर तालुका दिसणारच नाही. गुणपत्रिका मुंबई-दिल्लीत वाचली जाते; बोअर कोरडा गेल्याचा खर्च येथे सोसावा लागतो.

गणिती:
वरुडकरांचा मुद्दा मान्य आहे, परंतु वरुड अतिशोषित आहे, म्हणजे तेथे पुनर्भरणापेक्षा उपसा जास्त आहे, हे सरकारदरबारी सिद्ध झाले तेही पाणलोट क्षेत्रनिहाय मूल्यांकनामुळेच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. म्हणजे मोजणारे हात आहेत, एकक योग्य आहे आणि मालिकाही दीर्घ आहे. हागणदारीमुक्तीचेही तसेच. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत मुक्त झाल्याची घोषणा झाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे दिसले. घोषणेला छेद दिला तो दुसऱ्या, स्वतंत्र पाहणीने. तेव्हा निर्देशक कमी करण्याऐवजी, अंमलबजावणी करणारे खाते आणि मोजणारी संस्था वेगळी असावी, असा आग्रह धरायला हवा.

पाणलोट:
स्वतंत्र संस्थेबद्दल दुमत नाही. तरीही भूजलासारख्या गोष्टींना सरासरीत न घालता मर्यादारेषा हवी: उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त असेल, तर इतर गुण कितीही असोत, 'अग्रणी' हा शिक्का मिळू नये.

गणिती:
ती रेषा राज्यासाठी आखणार की तालुक्यासाठी? तालुक्यासाठी आखली, तर किती राज्ये 'अग्रणी' उरतील, हे आधी मांडून पाहू या.