बरोबर 32 सेकंदांनी कॉल तुटत असेल तर

भाऊ, कास्तकार बोंडअळीचं सांगायला लागतो न लागतो तोच हेल्पलाइनचा कॉल तुटतो, म्हणता. इथे सगळ्यांनी खापर गावच्या नेटवर फोडलं. मला पटत नाही. नेट खराब असतं तर कॉल कधीही तुटला असता. घड्याळ लावून बघा, दर वेळी 32 सेकंद भरतात का?

भरत असतील तर दोष सेटिंगचा. कॉल उचलला की तुमचा ॲस्टरिस्क (सर्व्हरवरचं कॉल जोडणारं सॉफ्टवेअर) '200 ओके', म्हणजे 'कॉल उचलला' असा निरोप, पाठवतो आणि पलीकडून पोच यायची वाट पाहतो. त्या निरोपात परतीचा पत्ता 192.168 वाला, म्हणजे फक्त ऑफिसच्या आत चालणारा, गेला, तर पोच येणार कुठून? गल्लीतल्या घर नंबरावर दिल्लीहून पत्र मागवल्यासारखं! अर्ध्या सेकंदाच्या 64 पट, म्हणजे 32 सेकंद थांबून तो कॉल सोडून देतो.

पीजेसिपच्या (ॲस्टरिस्कचा इंटरनेटवरचे कॉल सांभाळणारा भाग) ट्रान्सपोर्ट सेटिंगमध्ये एक्स्टर्नल सिग्नलिंग आणि एक्स्टर्नल मीडिया, दोन्हीकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा इंटरनेट पत्ता, टाका. लोकल नेटमध्ये ऑफिसचं नेटवर्क लिहा. नुसत्या रीलोडने ट्रान्सपोर्टचे बदल सहसा लागत नाहीत, रीस्टार्ट करा. यातच माझी एक आख्खी दुपार गेली होती. राउटरमधलं सिप एएलजीही (कॉलच्या निरोपांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करा, ते उपकारापेक्षा घोळच जास्त घालतं.

सिमवाल्या डोंगलवर असाल तर बहुतेक स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही. मग बाहेर छोटा सर्व्हर घेऊन व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी जोडणी) जोडावं लागेल.

आणि सर्व्हरला आयपी पक्का बांधून द्या. आमच्याकडे लाइन जाऊन आली की राउटर नवाच पत्ता वाटायचा, अन् टेबलावरचे सगळे फोन जुनंच दार ठोठावत बसायचे.