महिनाभराच्या पायी यात्रेसाठी छोटी, हलकी सॅक: कोणती घ्यावी?

पायवाट११

साधारण महिनाभराची पायी यात्रा ठरते आहे. रोज २० ते २५ किमी चाल, मुक्काम रोज छपराखाली. त्यामुळे तंबू, स्टोव्ह, भांडी काही नाही. अधूनमधून पाऊस लागणारच.

माझी उंची १६० सेंमी, वजन ५८ किलो. दोन सॅकपाशी घोडं अडलंय. पहिली २५ लिटरची, वजन ४८० ग्रॅम, आत फ्रेम (पाठीचा कडक सांगाडा) नाही आणि कमरेला नुसती पट्टी. दुसरी ३४ लिटरची, ११५० ग्रॅम, फ्रेमची, पाठीला ताणलेली जाळी, कमरेचा पट्टा जाड. हलकीच घ्यावी असं वाटतंय, सरळ पाऊण किलोच्या आसपास वाचतंय. जाणकारांनी सांगावं.

गाठोडं

सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी सामान जमवा, एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहून काढा. छपराखालच्या मुक्कामाला एवढं पुरतं: हलकी स्लीपिंग बॅग ६०० ग्रॅम, अंगावरचे सोडून कपड्यांचे दोन जोड आणि एक उबदार थर मिळून १३००, रेनकोट ३००, मुक्कामाच्या चपला २५०, साबण-ब्रश-औषधं ५००, पातळ टॉवेल १२०, चार्जर आणि पॉवर बँक ४००, कागदपत्रं १५०, टॉर्च ६०. बेरीज ३६८० ग्रॅम. त्यात ९०० ग्रॅमची सॅक धरली तर साडेचार किलोच्या थोडं वर. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो, वर थोडा खाऊ. सकाळी निघताना पाठीवर साडेसहा किलोच्या आसपास येतील.

शरीराच्या वजनाच्या १० टक्के हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो ढोबळ आहे, आणि त्यात पाणी धरायचं की नाही यावरही एकमत नाही. वजनदार माणसाला जास्त ओझं झेपतं असंही नाही, उलट त्याच्या गुडघ्यांवर आधीच भार असतो. तुमच्या हिशेबाने पाणी-खाऊ सोडून पाच किलोंच्या आत राहा, म्हणजे झालं.

आता लिटर. सगळं सामान एका खोक्यात हलक्या हाताने दाबून भरा आणि खोक्याची लांबी, रुंदी आणि सामान भरलंय तेवढी उंची सेंटीमीटरमध्ये मोजा. तिन्हींचा गुणाकार भागिले १०००. ४० × ३० × २२ आलं तर २६.४ लिटर. त्यावर चार-पाच लिटर मोकळे ठेवा, कारण पहाटे अंधारात घडी घातलेलं सामान घरच्यासारखं बसत नाही. म्हणजे ३० ते ३२ लिटर. ४० ची घेतली की ती भरतेच, 'असू दे, लागेल' म्हणत. छापील लिटरवरही फार विसंबू नका: कुणी बाहेरच्या जाळीचे कप्पे धरून मोजतं, कुणी न धरता.

शिवण_टाका

वजनाचं वर आलंच आहे, पण सॅक अंगाला बसते की नाही हे त्याहून मोठं. त्याचा उंचीशी फारसा संबंध नाही, पाठीच्या लांबीशी आहे. सारख्या उंचीच्या दोघांची पाठ चार-पाच सेंमीने कमीजास्त असू शकते.

मोजायचं असं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक वर येतो. ती वरची खूण. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ ही खालची खूण. मधलं अंतर शिंप्याच्या टेपने, पाठीच्या वळणाला धरून, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. स्वतः मोजायला गेलं की अंग वळतं आणि आकडा चुकतो. पाठीचं माप प्रत्येक कंपनीच्या तक्त्याशी वेगळं ताडून बघा, एकीचं 'मीडियम' दुसरीचं 'स्मॉल' निघतं.

सॅक पाठीपेक्षा लांब असेल तर पट्टा हाडाखाली घसरतो आणि सगळं ओझं खांद्यावर येतं. आखूड असेल तर पट्टा पोटावर चढतो, चढावर श्वास अडतो.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून सहा किलो भरा. सगळे पट्टे सैल करा. आधी कमरेचा पट्टा, त्याचा मधला भाग बरोबर हाडाच्या कडेवर, आणि आवळा. मग खांद्याचे पट्टे, नुसते टेकतील इतके. खांद्याच्या वर सॅककडे जाणारी छोटी पट्टी असेल (लोड लिफ्टर म्हणतात ती) तर जरा ओढा. छातीची पट्टी शेवटी, गळ्याच्या हाडाखाली तीन-चार सेंमीवर, सैलच. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा. सहज सरकलं तर वजन कमरेवर गेलंय. सॅक तशीच अर्धा-पाऊण तास पाठीवर राहू द्या, जिने चढा-उतरा. कुठे रुततंय ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

चालताना बोटांना मुंग्या आल्या तर खांद्याचे पट्टे काखेजवळ शिरा दाबतायत, ते सैल करून वजन कमरेवर घ्या. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर उलट: कमरेचा पट्टा जास्त आवळलाय किंवा पुढे मांडीच्या सांध्यावर उतरलाय. हे दुखणं बुटांमुळे आलं असं समजून लोक बूट बदलत बसतात.

४८० ग्रॅमच्या सॅकची कमरेची पट्टी ओझं घेत नाही, फक्त सॅक डुलू देत नाही. म्हणजे साडेसहाच्या साडेसहा किलो खांद्यावर, रोज सहा-सात तास. ११५० वाली घ्या.

दोरी_बक्कल

शिवण_टाका यांचं मोजमाप शंभर टक्के मान्य, निकाल नाही. बिनफ्रेमची सॅक नीट भरली तर सहा-सात किलोंपर्यंत छान चालते. गोम भरण्यात आहे. पातळ फोमची शीट घडी करून पाठीच्या बाजूला सरकवा, तीच फ्रेम. स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत न कोंबता तळाशी मोकळीच भरा, म्हणजे कोपरे भरतात आणि सॅक ताठ उभी राहते. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर. अर्धी रिकामी बिनफ्रेमची सॅक मात्र गोणीसारखी लोंबते, हे खरं. आणि तिला लोड लिफ्टर असले तरी ते शोभेचे, ओढायला मागे काही कडकच नाही.

जाळीच्या पाठीबद्दल कुणी बोललं नाही. वारा खेळतो, घाम कमी, कबूल. पण ती कमानदार फ्रेम ओझं पाठीपासून काही सेंमी मागे ढकलते, त्यामुळे आपण नकळत पुढे वाकून चालतो. शिवाय आतल्या बाजूने तीच कमान जागा खाते आणि सामान नीट बसत नाही.

माझ्या मते तुमच्यासाठी दोन्ही नकोत. ३० ते ३२ लिटर, ७५० ते ९५० ग्रॅम, पाठीत फोमची कडक पाटी किंवा एक ॲल्युमिनियमची पट्टी, आणि पॅड असलेला खरा कमरपट्टा. अशी बघा.

घेताना सॅक उलटी करून आतून बघा. खांद्याचे पट्टे जिथे अंगाला शिवलेत तिथे मागेपुढे दाट टाके हवेत. एकच सरळ शिलाई असेल तर ठेवून द्या, सॅक उसवते ती तिथेच, कारण आपण ती प्रत्येक वेळी एका पट्ट्याने उचलतो. कापड २१० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) असेल तर दगडावर टेकली तरी चिंता नाही. ७० च्या आसपासचं हलकं असतं, पण खरखरीत भिंतीला टेकून बसलात की झिजतं. तळ तरी जाड हवा. बाजूच्या बाटलीच्या कप्प्यांत पाठीवरून सॅक न काढता हात पोचतोय ना, आणि बाटली परत आत जातेय ना, हे सॅक घालून बघा. नाही पोचला तर माणूस आळसाने पाणी कमी पितो.

बक्कल बहुधा दारात सापडून किंवा पायाखाली येऊन फुटतं. न शिवता बसवता येणारं, मधे खाच असलेलं एक जादा बक्कल, जाड सुई आणि दाभणाचा दोरा बरोबर ठेवा. तिन्ही मिळून ३० ग्रॅमसुद्धा होत नाहीत. आधी पट्टीची रुंदी मात्र मोजा, २० मिमी आणि २५ मिमीचं बक्कल एकमेकांच्या जागी चालत नाही.

ओली_पायरी

पावसाचं. सॅकवरचं कव्हर पाठीची बाजू झाकत नाही. पाणी मानेवरून, पट्ट्यांवरून पाठीला उतरतं आणि तिथून आत मुरतं. कापड कितीही 'वॉटरप्रूफ' असो, शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी शिरतं. खरा उपाय आतून: सॅकहून मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी आत पसरा, सामान तिच्यात भरा, हवा काढा, तोंडाला पीळ देऊन दुमडा. गाठ मारू नका, ओल्या बोटांनी सुटत नाही. रेनकोट या पिशवीच्या बाहेर, सगळ्यात वर.

ओली सॅक दाबून ठेवली की आतला लेप चिकट होऊन सोलवटतो, आंबूस वासही येतो. मुक्कामावर पोचताच रिकामी करून उलटी टांगा. घामाचं मीठ साचलेले पट्टे ओल्या फडक्याने पुसा. मानेला आणि कमरेला पुरळ उठतं ते बऱ्याचदा त्या मिठाने.

पायवाट११

सगळ्यांचे आभार. पाठ मोजून घेतली, ४२ सेंमी. खोक्यात २७ लिटर आलं. ८८० ग्रॅमची, ३२ लिटरची एक सॅक सापडली आहे, पण सगळं भरल्यावर पट्टे खांद्याच्या माथ्यावर टेकतच नाहीत, मधे दोन बोटं जागा राहते. कमरपट्टा बरोबर हाडावर आहे. चालेल?

शिवण_टाका

नाही. ती पाठीला लांब आहे. पट्टे खांद्यावरून पूर्ण टेकून मागे वळायला हवेत आणि सॅकला जिथे जोडलेत ती जागा खांद्याच्या माथ्याच्या तीन-चार सेंमी खाली यायला हवी. पट्टे वर-खाली सरकवायची सोय असेल तर एक टप्पा खाली घ्या आणि परत सहा किलो भरून बघा. सोय नसेल तर तीच सॅक 'स्मॉल'मध्ये मागवा. लिटर एक-दोनने कमी होतील, तुमच्या २७ ला तरीही पुरतील.

दोरी_बक्कल

अनुमोदन. बदलायला नेईपर्यंत पट्ट्यांची लोंबती टोकं मात्र कापू नका.