स्पोलिएशन: लूट की पुरावा नष्ट करणं?

मंडळी, मदत हवी आहे. कायद्यावरच्या एका लेखाचं मराठी करतेय. त्यात ‘स्पोलिएशन’ दोन अर्थांनी येतं. नाझींनी फ्रान्समधल्या ज्यूंची चित्रं लुटली, ते स्पोलिएशन. आणि पक्षकाराने पुरावा गायब केला, तर तेही.

दुसऱ्या अर्थासाठी लंडनचा १७२२ चा खटला दिलाय. धुराडी साफ करणाऱ्या पोराला सापडलेल्या दागिन्यातले खडे सोनाराने परत दिलेच नाहीत. मग ते सर्वोत्तम प्रतीचे होते असं धरून भरपाई ठरवा, असं ज्यूरीला सांगण्यात आलं. (बरी जिरली!)

पहिल्याला ‘लूट’ चालेल. पण ‘पुरावा नष्ट करणे’ म्हटलं की भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ आठवतं, म्हणजे फौजदारी गुन्हा. इथे प्रकरण दिवाणी आहे. वकील मंडळी, तुम्ही अर्जात काय लिहिता?