मदत हवी आहे: सॅप क्यूएममध्ये काही लॉटला इन्स्पेक्शन प्लॅन लागतो, काहींना लागतच नाही

धागाकर्ता, कुपवाड

मंडळी नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरचा प्लांट आहे आमचा, मी तिथं स्टोअर आणि क्वालिटी दोन्ही बघतो. सॅप म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर, त्यातलं क्यूएम (क्वालिटी तपासणीचं) मॉड्यूल नुकतंच चालू झालंय, कन्सल्टंट गो-लाइव्ह करून गेला आणि आता मेलला उत्तर यायला दोन-दोन दिवस लागतात, इकडं मार्केट यार्डात सौदे झाले की गाड्या दारात येऊन उभ्या.

तर प्रॉब्लेम असा की कच्च्या हळकुंडाला क्यूएम व्ह्यूमध्ये इन्स्पेक्शन टाइप ०१ लावलाय, मायगोत (माल आवकीच्या स्क्रीनवर) १०१ ने माल घेतला की लॉट, म्हणजे त्या मालाच्या तपासणीची नोंद, आपोआप पडतो, माल क्वालिटी स्टॉकला जातो, इथपर्यंत झकास. पण काही लॉट लगेच रिलीज होतात आणि काही क्रिएटेड स्टेटसलाच बसून राहतात. त्यांना प्लॅनच (काय काय तपासायचं त्याची यादी) लागलेला नसतो त्यामुळं रिझल्ट भरायला गेलं की एकही कॅरेक्टरिस्टिक दिसत नाही. मटेरियल तेच, प्लांट तोच, प्लॅन एकच. यूसेज ५ (माल आवक) आहे, स्टेटस ४ (रिलीज्ड) आहे, मटेरियल असाइनमेंट आहे, व्हॅलिड फ्रॉम पण मागची तारीख आहे, सगळं बघून झालंय.

दुसरं म्हणजे जे लॉट रिलीज होतात त्यात मॉइश्चरसाठी सॅम्पल साइज २०० दाखवतंय. २०० काय? किलो! लॅबमधला पोरगा म्हणतो पोती आणून टेबलावर रचू का. आम्ही पारखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारून मारून किलोभर नमुना काढतो तेवढ्यात आमचं भागतं.

कुणी क्यूएम कोळून प्यालेलं असेल तर सांगा की राव.

मिरजकर

अडकलेल्या लॉटची क्वांटिटी काय आणि रिलीज झालेल्यांची काय? तेवढं टाका आधी.

धागाकर्ता, कुपवाड

आत्ता क्यूए३२ ला (लॉटची यादी दाखवणारा सॅपचा कोड) लिस्ट काढली. रिलीज झालेले ४ टन, ६ टन, साडेआठ टन असे आहेत. अडकलेले सगळे १२ टन, १६ टन, म्हणजे मोठ्या ट्रकचे. आयला, हे लक्षातच आलं नव्हतं.

मिरजकर

मग झालं. क्यूपी०२ ला जाऊन प्लॅनचं हेडर उघडा, तिथं फ्रॉम लॉट साइज आणि टू लॉट साइज असतं. माझी पैज, टू मध्ये ९,९९९ किंवा १०,००० असणार. हळद किलोत घेता ना, १२ टन म्हणजे १२,०००, रेंजच्या बाहेर, प्लॅन सापडणारच नाही. तिथं ९९,९९९,९९९ टाका.

एक सांगून ठेवतो, घाईत कुणी सांगेल की मोठ्या गाडीसाठी दुसरा ग्रुप काउंटर (त्याच ग्रुपमधला वेगळा प्लॅन) काढा. तसलं काही करू नका. एक तर दोन काउंटरच्या रेंज एकमेकीत घुसल्या की सॅपला कुठला घ्यावा कळत नाही, मग दरवेळी हातानं निवडत बसायचं. आणि नवीन काउंटरची व्हॅलिड फ्रॉम आजची पडली तर मागच्या आठवड्यात पडलेले लॉट त्याला जुमानणार नाहीत, कारण लॉट आपल्या तारखेला जो प्लॅन चालू होता तोच शोधतो. आहे त्याच काउंटरची रेंज वाढवा, विषय संपला.

जुने लॉट आपोआप सुटणार नाहीत. क्यूए०२ मध्ये एकेक लॉट घेऊन स्पेसिफिकेशन परत असाइन करा आणि सॅम्पल कॅल्क्युलेट करा, मग रिलीज होतील.

धागाकर्ता, कुपवाड

९,९९९ च होतं!! बदललं, १६ टनाचा लॉट सुटला. पण आता त्याला सॅम्पल ३१५ दाखवतंय 😅 २०० परवडले म्हणायचे.

साताऱ्याचा क्यूए

हाहा. दादा तुमच्या कन्सल्टंटनं ऑटोच्या क्लायंटचा टेम्पलेट उचललाय बघा. हे आयएसओ २८५९ चं, म्हणजे लॉटमधनं किती नग तपासायचे त्याचं, टेबल आहे, जनरल लेव्हल २. लॉट ३,२०१ ते १०,००० मध्ये असेल तर कोड लेटर एल, नमुने २००. १०,००१ ते ३५,००० असेल तर एम, ३१५. मी साताऱ्यात मशीनिंगच्या कंपनीत आहे, आमच्याकडं बुशिंगा नगावर मोजतात तिथं हे टेबल बरोबर चालतं, ३१५ नग उचलायचे आणि किती खराब निघाले ते मोजायचं. तुमचे १६,००० किलो त्याला १६,००० नग वाटतायत. आणि मुळात मॉइश्चर हा मोजून आकडा यायचा प्रकार, चांगला-वाईट नग मोजण्याच्या टेबलाचा तिथं संबंधच नाही.

क्यूडीव्ही१ ला नवीन सॅम्पलिंग प्रोसिजर काढा, टाइप फिक्स्ड सॅम्पल, साइज १, आणि प्लॅनमध्ये मॉइश्चर, कर्क्युमिन, राख ह्यांना तीच लावा. तो १ म्हणजे तुमचा सगळ्या पोत्यांतनं पारखीनं काढून एकत्र केलेला नमुना. किती पोती टोचायची ते तुमच्या लॅबच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहा, प्लॅनच्या ऑपरेशनच्या लाँग टेक्स्टला पण टाका म्हणजे रात्रपाळीचा माणूस विचारत बसणार नाही. टेबल टाकून देऊ नका मात्र, पॅकिंगच्या छापील पाऊचला कामाला येईल.

मिरजकर

+१. आणि मॉइश्चरची अप्पर लिमिट काय टाकलीय बघून घ्या. एफएसएसएआयला (सरकारी अन्न सुरक्षा नियमांत) अख्ख्या हळदीला १२ टक्के आणि पावडरीला ११ टक्के आहे. दोन्ही मटेरियलला एकच मास्टर कॅरेक्टरिस्टिक वापरलात तरी लिमिट प्लॅनमध्ये वेगवेगळी टाकता येते, पण कन्सल्टंट लोक कॉपी मारतात आणि मग १२ ची पावडर ॲक्सेप्ट होऊन पाऊचात जाते.

धागाकर्ता, कुपवाड

बघितलं. पावडरीच्या प्लॅनला पण १२ च आहे 🤦 बदलतो.

लगे हाथ एक विचारतो, कर्क्युमिनचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधनं यायला चार दिवस लागतात, तोपर्यंत माल क्वालिटी स्टॉकमध्ये अडकतो आणि प्रॉडक्शनवाला रोज येऊन डोकं खातो. काही सोय आहे का?

साताऱ्याचा क्यूए

आहे की. प्लॅनमध्ये त्या कॅरेक्टरिस्टिकच्या कंट्रोल इंडिकेटरमध्ये लाँग टर्म इन्स्पेक्शनची टिक मारा. मग मॉइश्चर, राख भरून झाली की क्यूए११ ला यूडी (माल वापरायचा की नाही तो निर्णय) देऊन माल ३२१ ने अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे वापरायला मोकळा, करता येतो, कर्क्युमिनचा आकडा मागनं भरायचा. पण लेड क्रोमेटच्या (भेसळीच्या विषारी पिवळ्या रंगाच्या) टेस्टला चुकूनसुद्धा ही टिक मारू नका. ती निगेटिव्ह आल्याशिवाय माल चक्कीवर जाता कामा नये, मग प्रॉडक्शनवाला कितीही बोंबलू दे.

आणि आत्ता प्लॅनमध्ये जे काय बदलाल ते पुढच्या लॉटपासनं लागू. ज्या लॉटला प्लॅन आधीच लागलाय त्यांच्यात जुनं २००-३१५ तसंच राहणार, त्यांचं बघून घ्या.

धागाकर्ता, कुपवाड

म्हणजे सकाळी सोडवलेला तो १६ टनाचा परत घ्यावा लागणार. त्यात अजून एकही रिझल्ट भरलेला नाही, क्यूए०२ मध्ये परत असाइन करून बघतो. मॉइश्चरवर आडत्याच्या बिलातनं कट करायचं असतं त्याचं कसं बसवायचं?

मिरजकर

ते परचेसचं काम, क्यूएममध्ये घुसडू नका. वेगळा धागा काढा, तिथं भांडू.