आपली मंडळी सांगली (फॅमिली ग्रुप)

थोरली आत्या, विश्रामबाग: मला कालपासून फार वाईट वाटतंय म्हणून लिहितेय. शेजारणीचा मुलगा म्युनिकला गेलाय, दोन दिवस आपल्या चिऊकडं राहा असं मीच सांगितलेलं. तर ही म्हणे आधी कळवायचं होतं. 2019 च्या पुरात गावभागातली सगळी माझ्याकडं होती, मी म्हणलं का कुणाला आधी कळवा म्हणून?

मामी, मिरज: चिऊला भडंग, बेदाणे, पेढे, तूप काय द्यायचंय ते शुक्रवारपर्यंत माझ्याकडं आणून द्या. शनिवारी माणूस निघणाराय.

धाकटे काका: ताई बरोबर बोलतीय. तिकडं गेली की पोरं बदलतात.

दादा, पुणे: काका तुमचा पोरगा पुण्यात असून तीन फोन केल्याशिवाय भेटत न्हाई

धाकटे काका: त्याचा इथं काय संबंध?? तो कामात असतो

दादा, पुणे: ती काय फिरायला गेलीय का

मामी, मिरज: परत टाकतेय. शुक्रवारपर्यंत. नंतर कुणी माझ्या नावानं ओरडायचं नाही.

चिऊ, म्युनिक: आत्या, लेक्चरमध्ये होते, आत्ता वाचलं. पुरात तुझ्या हॉलमध्ये आम्ही पोरं ओळीनं झोपायचो, मी कशी विसरेन गं. पण इथं चौघीत एक घर, किचन बाथरूम सगळ्यांचं, माझी नुसती एक खोली, हॉल नाहीच. रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करायचा नसतो आणि साडेअकराला अनोळखी मुलगा बेल वाजवतोय म्हणल्यावर बाकीच्या घाबरल्या. मग मी त्याला हॉस्टेलवर नेऊन सोडलं, त्या रात्रीचे पैसेपण मीच भरले, दुसऱ्या दिवशी रविवार, सगळी दुकानं बंद म्हणून घरातला भात-आमटी डब्यात घालून दिली. हे सांगितलं का त्यानं घरी?
आणि मामी, पेढे तूप नको. बाहेरून येताना दुधाचं, मटणाचं काही युरोपात आणू देत नाहीत, काढून घेतात. भडंग बेदाणे चालतील.

मावशी, सातारा: कंदी पेढेपण नाही??

धाकटे काका: कपड्यात गुंडाळून द्या, कोण बघतंय

चिऊ, म्युनिक: काका नको, खरंच. इथं नियम मोडला की कुणीपण तोंडावर बोलतं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेले तर खालची म्हातारी आजी बाहेर येऊन बोलली, आज खळखळाट करायचा नाही म्हणून. रडू आलेलं मला. पण मी कॉलेजात असले की माझं पार्सल तीच घेऊन ठेवते, दाराला चिठ्ठी लावते. तिच्याकडंही न विचारता जाता येत नाही, तरी माया आहे तिला.

थोरली आत्या, विश्रामबाग: पैसे तू भरलेस? आणि त्याची आई काल जिन्यात मला बघून न बघितल्यासारखं करून गेली. आत्ता जाते मी तिच्याकडं.

दादा, पुणे: आत्या आधी चहा घे मग जा

थोरली आत्या, विश्रामबाग: तू गप रे. चिऊ, हे मला त्याच रात्री सांगायचं होतंस.

चिऊ, म्युनिक: तेव्हा तुझ्याकडं पहाटेचे चार वाजले असते गं. आज करते फोन, तुझ्या साडेसहाला.

थोरली आत्या, विश्रामबाग: साडेसहाला मी गणपतीला जाते. सातनंतर कर. आणि व्हिडिओ कर, नुसता आवाज नको.